पाच हजार सहाशे दोन तुकडे आणि एक नाव

आपल्या शाळेत मुलींना शिवणाची फाईल करावी लागे, हे बऱ्याच जणींना आठवत असेल. एकेका पानावर पांढऱ्या कापडाचा छोटा चौकोन आणि त्यावर धावदोरा, हेम, काजं, हूक, रफू, ठिगळ. खाली टाक्याचं नाव, वर कोपऱ्यात आपलं नाव, इयत्ता, तुकडी. बाईंची सही झाली आणि वर्ष संपलं की ती फाईल माळ्यावर जायची.

नमुन्यांच्या अशा कापडाला इंग्रजीत 'सॅम्प्लर' म्हणतात. ही रीत फार जुनी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बॉस्टॉक या बाईने १५९८ साली भरलेला सॅम्प्लर आहे. साल घातलेल्या, टिकून राहिलेल्या इंग्रजी सॅम्प्लरांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्यावर तिने आपलं नावही भरलं आहे. चारशे वर्षांनंतर त्या बाईचं नाव आपण घेतो, ते एवढ्यामुळेच.

मी गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी 'सॅम्प्लर क्विल्ट'चे चौकोन शिवते. ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर हाताला काहीतरी खरंखुरं लागावं, म्हणून सुरुवात केली. मग सवयीप्रमाणे त्याचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आलं की हा इतिहास कापडाचा आहेच, पण त्याहून जास्त तो बायकांच्या नावांचा आहे. कोणाचं नाव राहिलं, कोणाचं गेलं आणि का, याचा. आपल्या बॅचच्या स्मरणिकेत तो सांगावा असं वाटलं. त्याचं कारण शेवटी येईलच.

आधी क्विल्ट म्हणजे काय ते सांगते. वर सजवलेलं कापड, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा पातळ थर, खाली अस्तर, आणि हे तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र धरलेले. आपल्या गोधडीत जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक येतात, पण टाका तोच, धावदोरा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मात्र एक वेगळी पद्धत रुळली. अख्खी गोधडी एकदम पसरून न घेता तिचे लहान लहान चौकोन, म्हणजे 'ब्लॉक', सुटे शिवायचे आणि शेवटी जोडायचे. कारणं साधी होती. घरं लहान, दिव्याचा उजेड अपुरा आणि बाईला सलग वेळ मिळणं अवघड. एक चौकोन मात्र मांडीवर मावतो, चुलीपाशी बसून शिवता येतो आणि पाळण्यातलं मूल रडलं की बाजूला ठेवता येतो. शिवाय वीस बायका एकेक चौकोन शिवून एक क्विल्ट पुरा करू शकतात. सॅम्प्लर क्विल्टमध्ये प्रत्येक चौकोनाचा नमुना वेगळा असतो. एका अर्थी आपली शिवणाची फाईलच, पानं सुटी न ठेवता एकत्र शिवलेली.

हे चौकोन करण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली, तुकड्याला तुकडा जोडण्याची. सर्वांत सोपा नमुना नऊ घरांचा. तयार चौकोन बारा इंचांचा हवा असेल तर एक घर चार इंचांचं. पण कापताना चारही बाजूंना पाव इंच माया सोडायची, म्हणजे तुकडा साडेचार इंचांचा. आधी तीन-तीन घरांच्या ओळी, मग तीन ओळींचा चौकोन. शेजारच्या ओळींतली माया उलटसुलट दिशांना दाबली की जोड एकमेकांत घट्ट बसतात आणि कोपरे बरोबर जुळतात. टीप अर्धा सूत आत गेली तर जोडाच्या दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा, म्हणजे एकूण एक सूत कापड कमी होतं. तेरा चौकोनांच्या ओळीत बारा जोड येतात. तिथे बारा सूत, म्हणजे दीड इंचाचा घोळ होतो आणि ती ओळ शेजारणीला जुळत नाही. गणिताच्या तासाला आपण विचारायचो, "सर, अपूर्णांकांचा पुढे उपयोग काय?" त्याचं उत्तर अनेक बायकांच्या मांडीवर होतं.

दुसरी रीत ॲप्लिकची. पानाफुलांचे आकार कापून ते सपाट कापडावर बसवायचे. कडेला थोडी माया ठेवायची आणि सुईच्या टोकाने ती आत दुमडत दुमडत त्याच रंगाच्या दोऱ्याने लपता टाका घालायचा. आत वळणाऱ्या कडेला बारीक कातर द्यायची, नाहीतर कापड ओढलं जातं. क्रमही ठरलेला: आधी देठ, मग पानं, शेवटी फूल, म्हणजे खालच्याची उघडी कड वरच्याखाली झाकली जाते.

या ॲप्लिकच्या मुळाशी आपल्याकडचं कापड आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावरून छापील आणि कलमाने रंगवलेली छीट युरोपात जायची. तिचे रंग धुतले तरी उतरत नसत. 'चिंट्झ' हा इंग्रजी शब्द आपल्या छीटवरून आला आणि 'कॅलिको' कालिकतवरून. हे कापड इतकं खपू लागलं की विणकरांच्या ओरडीनंतर ब्रिटनने १७०० आणि १७२१ साली कायदे करून त्यावर बंदी घातली. ती १७७४ मध्ये उठली. अशा महागाच्या कापडातली फुलं, पक्षी, झाडं कापून पांढऱ्या कापडावर बसवली की हातभर छिटेत पलंगभर चादर सजते. अमेरिकेतल्या जुन्या ॲप्लिक क्विल्ट पुष्कळशा अशाच आहेत.

आता नावांकडे येते. दहावीच्या सेंड-ऑफच्या आधी आपल्या वर्गात ऑटोग्राफच्या वह्या आणि स्लॅम बुकं फिरत होती, आठवतंय ना? १८४०च्या सुमारास अमेरिकेत अशाच वह्यांचं वेड होतं, आणि तेच वेड कापडावर उतरलं. पूर्वीच्या शाईने कापड कुजायचं. ते न कुजवणारी, धुतली तरी न जाणारी शाई याच काळात सहज मिळू लागली होती. मग मैत्रिणी, नातलग, चर्चमधल्या ओळखीच्या बायका एकेक चौकोन करून त्यावर नाव, गाव, साल लिहू लागल्या, काही जणी दोन ओळींचं कवनही. यांना 'अल्बम क्विल्ट' किंवा 'फ्रेंडशिप क्विल्ट' म्हणत. याच सुमारास पुष्कळ कुटुंबं बैलगाड्यांतून ओरेगन-कॅलिफोर्नियाकडे निघत होती. गेलेली मैत्रीण पुन्हा भेटेल याची खात्री नसायची. तिच्या सामानात अशी एखादी क्विल्ट जायची.

बाल्टिमोर शहरात ही कला शिखराला पोहोचली. साधारण १८४६ ते १८५२ या काळातल्या तिथल्या अल्बम क्विल्टांवर लाल-हिरव्या कापडातल्या फुलांच्या परड्या, जहाजं, आगगाडीचं इंजिन, शहरातली स्मारकंसुद्धा आहेत. पाकळीची छटा दिसावी म्हणून एकावर एक चार-पाच थर बसवलेले आहेत.

त्या नावांचं मोल कळायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत होती, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं म्हणजे वयोगटांच्या रकान्यातले आकडे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव प्रथम १८५० च्या शिरगणतीत आलं. म्हणजे १८४३-४४ साली कापडावर नाव लिहिणाऱ्या कितीतरी विवाहित बायकांची सरकारी शिरगणतीत तोवर नावानिशी नोंदच नव्हती. सरकारच्या आधी मैत्रिणींनी त्यांची नावं लिहिली.

मात्र चौकोनावर नाव जिचं, शिवणारी तीच असं धरून चालत नाही. पुष्कळदा सगळी नावं एकाच वळणदार अक्षरात दिसतात. फळ्यावर सुविचार लिहायला बाई वर्गातल्या ठरलेल्या मुलीलाच उठवायच्या, तसंच हे. अक्षर जिचं चांगलं, तिच्याकडे काम. त्यामुळे कोणता चौकोन कोणाच्या हातचा यावर अभ्यासकांचे वाद अजून चालू आहेत.

स्वतःच्या कामावर स्वतःचं नाव घालणारीचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे जेन स्टिकल. व्हरमाँट राज्यातली ही बाई १८१७ साली जन्मली. १८६० च्या शिरगणतीत ती एकटी राहणारी शेतकरी म्हणून नोंदलेली आहे. यादवी युद्ध चालू असताना तिने एक सॅम्प्लर क्विल्ट शिवली: प्रत्येकी सुमारे साडेचार इंचांचे १६९ चौकोन, तेरा ओळींत तेरा-तेरा, भोवती त्रिकोणांची किनार आणि चार कोपरे. असे एकूण २२५ भाग, जवळजवळ सगळे वेगळ्या नमुन्याचे. काही तुकडे जोडून केलेले, काहींवर ॲप्लिक, काहींत दोन्ही. आणि एका कोपऱ्यात तिने टाक्यांनी लिहून ठेवलं: युद्धकाळात, १८६३, तुकडे ५६०२, आणि स्वतःचं नाव.

मला त्या ५६०२ चं फार कौतुक वाटतं. २२५ भागांत ५६०२ तुकडे, म्हणजे तळहाताएवढ्या एकेका भागात सरासरी पंचवीस. हे काम किती मोठं आहे, ते दुसऱ्या कोणी सांगेल याची तिने वाट पाहिली नाही. स्वतः मोजलं आणि लिहिलं. आज ती क्विल्ट बेनिंग्टन म्युझियममध्ये आहे. उजेडाने कापड जीर्ण होतं म्हणून वर्षातले थोडेच आठवडे बाहेर काढतात. ब्रेंडा पापाडाकिस यांनी १९९६ मध्ये या नमुन्यांवर 'डिअर जेन' हे पुस्तक काढलं आणि तेव्हापासून जगभरच्या बायका जेनचे चौकोन पुन्हा शिवत आहेत.

जेन ज्या युद्धाबद्दल लिहिते, त्याच युद्धाने आपली मुंबईही हलवली होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. मग गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जाऊ लागला. युद्ध संपलं तशी तेजीही कोसळली आणि भलेभले बुडाले. त्या तेजीतले मोठे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा टॉवर उभा राहिला. तो १८७८ मध्ये पुरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं, नाव आहे. कापसाच्या त्याच उलथापालथीत इकडे एका आईचं नाव दगडावर राहिलं, तिकडे जेनचं कापडावर.

पण ज्यांच्या हातांनी अमेरिकेतला कापूस वेचला, त्यांचं काय? दक्षिणेतल्या मळ्यांवर हे काम गुलाम करत. १८५० आणि १८६० च्या शिरगणतींत त्यांची यादी वेगळी. मालकाचं नाव आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. गुलामांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. वर ज्या नावांचं कौतुक केलं, त्यांच्याखालचं कापड अशा बिननावाच्या हातांतून आलेलं होतं.

त्यांच्यातलीच एक हॅरिएट पॉवर्स. जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामीत जन्मलेली. मुक्त झाल्यावर तिने ॲप्लिकने बायबलमधल्या गोष्टींची अकरा चित्रं असलेली क्विल्ट केली. १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस-जत्रेत जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएटने नकार दिला. काही वर्षांनी दिवस वाईट आले, तेव्हा ती स्वतःच क्विल्ट घेऊन गेली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. देताना तिने प्रत्येक चित्राचा अर्थ सांगितला आणि जेनी स्मिथने तो लिहून ठेवला. पुढे आपली क्विल्ट पाहायला हॅरिएट तिच्या घरी अनेकदा गेली. आज ती क्विल्ट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आणि तिची दुसरी बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. पाच डॉलरच्या सौद्यात न्याय शोधायला जाऊ नये. पण हॅरिएटचं नाव आणि तिच्या मनातला अर्थ आपल्यापर्यंत पोहोचला, यात एका शिक्षिकेच्या टिपणाचा मोठा वाटा आहे, हे आपल्या बाई-सरांना वाचायला आवडेल.

नाव चुकीचं लागण्याचाही एक किस्सा आहे. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनाच्या वेळी सीअर्स कंपनीने क्विल्टची राष्ट्रीय स्पर्धा घेतली. सुमारे चोवीस हजार क्विल्ट आल्या. मंदीच्या काळात पहिलं बक्षीस हजार डॉलर, म्हणजे केवढी रक्कम! ते केंटकीच्या मार्गारेट केडन यांना मिळालं आणि क्विल्ट अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट गेली. पुढे अभ्यासकांनी शोधलं तेव्हा कळलं, की केडनबाईंनी त्यात एक टाकाही घातला नव्हता. काम मजुरीवर शिवणाऱ्या बायकांचं होतं. त्यांना बक्षिसातला वाटा मिळाला नाही आणि मजुरी जाईल या धास्तीने त्या बोलल्याही नाहीत.

आणि जिथे नाव नसतं तिथे दंतकथा शिरते. पळून जाणाऱ्या गुलामांना वाट कळावी म्हणून ठरावीक नमुन्यांच्या क्विल्ट कुंपणावर टांगत, अशी गोष्ट १९९९ सालच्या एका पुस्तकाने लोकप्रिय केली. तिच्यावर बेतलेल्या सॅम्प्लर क्विल्ट आजही शिवल्या जातात. ऐकायला सुंदर आहे, पण इतिहासकारांना तिला आधार देणारा त्या काळातला पुरावा सापडलेला नाही. खऱ्या माणसांची नोंद नसली की सोयीची गोष्ट तिची जागा घेते.

ही उणीव भरून काढायचं काम गेल्या चाळीसेक वर्षांत नेटाने झालं. बार्बरा ब्रॅकमन यांनी चार हजारांवर नमुने गोळा केले आणि त्यांना क्रमांक दिले. ही मांडणी त्यांनी नावावरून केली नाही, रचनेवरून केली, कारण एकच नमुना एका गावी 'अस्वलाचा पंजा', दुसरीकडे 'चिखलातला बदकाचा पाय' आणि तिसरीकडे 'मैत्रीचा हात' असतो. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही युक्ती लगेच पटते: नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही. १९८१ मध्ये केंटकीत घराघरांतल्या क्विल्ट बाहेर काढून नोंदवण्याचा उपक्रम झाला आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. या शोधातली मोठी अडचण कोणती, तर बायकांची आडनावं. लग्नानंतर जेन ब्लेकलीची जेन स्टिकल होते आणि माग तुटतो.

इथे मी आपल्या संमेलनाकडे येते. गेले सात-आठ महिने आपण वर्गमित्र शोधत होतो. पत्त्यांच्या यादीत संयोजकांना दोन रकाने करावे लागले, 'शाळेतलं नाव' आणि 'आताचं नाव'. मुलग्यांचे दोन्ही रकाने सारखेच. मुलींपैकी बहुतेकींचं आडनाव वेगळं, काहींचं पहिलं नावसुद्धा बदललेलं. मुलगे फोनवर दोन दिवसांत सापडले. मुलींसाठी कोणाच्या माहेरच्या गल्लीत चौकशी, कोणाच्या भावाच्या दुकानात निरोप. अजून कित्येक जणी सापडलेल्या नाहीत. सातवीनंतर शाळा सोडलेल्या तर आपल्या यादीतही नाहीत, कारण यादी दहावीच्या निकालावरून केली आहे.

म्हणून दोन कामं सुचवते. घरात आजीच्या, आईच्या हातची गोधडी असेल तर तिच्या मागच्या बाजूला पांढऱ्या कापडाची पट्टी शिवा. तिच्यावर शिवणारीचं नाव, माहेरचं आणि सासरचं, दोन्ही, गाव आणि साल लिहा. त्यातलं लुगडं कोणाचं ते आई सांगू शकत असेल तर आजच विचारा.

दुसरं काम या स्मरणिकेचंच. शेवटच्या पानावर आपल्या सातवीच्या तुकडीचा फोटो छापला आहे. त्याखालच्या यादीत तीन जागा मोकळ्या आहेत: मधल्या रांगेतल्या दोन मुली आणि उजव्या टोकाला उभ्या असलेल्या, घंटा देणाऱ्या मावशी. त्यांना आपण सगळे 'मावशी'च म्हणायचो. ज्यांना या तिघींची नावं आठवतील त्यांनी संपादक मंडळाला कळवावं. पुढच्या संमेलनाआधी ती यादी पुरी करून पुन्हा छापू.